टॉमीगनचा लिलाव : बंदूक स्वस्त, कागद महाग

सस्क्वेहानाकाठी

अमेरिकेत साध्या माणसाला मशीनगन विकत मिळते का, असा प्रश्न मागे एका धाग्यावर आला होता. तिथे लगेच राजकारण सुरू झालं आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. म्हणून हा वेगळा धागा.

मिळते. अट एकच, पण जबरदस्त: ती बंदूक १९ मे १९८६ च्या आधी बनलेली आणि सरकारी नोंदवहीत चढलेली हवी. त्यानंतर बनलेली नागरिकाला विकता येत नाही. म्हणून दुकानात नवी मशीनगन मिळत नाही. जुन्याच हात बदलतात. चांगल्यातला चांगला माल येतो लिलावात. इलिनॉयमधलं रॉक आयलंड आणि पेनसिल्व्हेनियातल्या डेन्व्हर गावचं मॉर्फी ही त्यातली मोठी नावं. (हे डेन्व्हर कोलोरॅडोतलं नव्हे, लँकेस्टर परगण्यातलं. रस्त्यात मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या आडव्या येतात.)

थोडा इतिहास. दारूबंदीच्या काळात टोळ्यांनी थॉम्पसन सबमशीनगन (हीच ती टॉमीगन) बदनाम केली. १९३४ साली रूझवेल्ट सरकारने नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आणला. बंदी घातली नाही, कर लावला: दर हस्तांतराला २०० डॉलर. तेव्हा खुद्द थॉम्पसनची किंमतच २०० डॉलरच्या आसपास होती, म्हणजे बंदुकीएवढाच कर. आजच्या पैशात ते साडेचार हजारांहून जास्त होतात. गंमत म्हणजे तो आकडा नंतर कुणी वाढवलाच नाही. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफलींवरचा कर शून्य झाला, मशीनगनला मात्र २०० कायम आहे.

१९६८ साली परदेशी मशीनगन नागरिकांसाठी आयात करणं बंद झालं. त्याच वेळी एक महिन्याची माफी जाहीर झाली: महायुद्धातून ट्रंकेत घालून आणलेली बंदूक २ नोव्हेंबर ते १ डिसेंबरपर्यंत नोंदवा, काही विचारणार नाही. मग १९८६. बंदूकवाल्यांना सवलती देणारं विधेयक चाललं होतं, त्यात न्यू जर्सीचे खासदार विल्यम ह्यूज यांनी शेवटच्या घटकेला एक दुरुस्ती घुसवली आणि नोंदवही बंद झाली. रेगननी सही केली तो दिवस १९ मे. बंदूकवाले आजही त्या दुरुस्तीच्या नावाने बोटं मोडतात.

हस्तांतर करता येतील अशा मशीनगन देशभरात पावणेदोन लाखांच्या आसपास उरल्या आहेत. यात एकाचीही भर पडू शकत नाही. घटू मात्र शकतात: घराला आग लागते, पुरात सापडतात, वारसांना कागद मिळत नाहीत. घेणारे वाढतायत.

गिरगावातल्या पागडीच्या खोलीसारखं आहे हे. भिंतीला ओल, संडास चाळीच्या टोकाला, पण पावती नावावर आहे ना, मग बोला किंमत. मॅक-१० ही पत्रा दाबून केलेली ओबडधोबड बंदूक सत्तरच्या दशकात काहीशे डॉलरला जायची. आज तिला दहा हजारांच्या घरात मोजावे लागतात. त्यात पोलाद फार तर दोन-तीनशेचं. बाकी सगळा नोंदणीचा भाव.

कोल्टच्या थॉम्पसनची गोष्ट वेगळी, तिथे कागदाइतकीच बंदूकही मोलाची. सविस्तर प्रतिसादात लिहितो, जेवण व्हायचंय.

---

गिरगावकर_जर्सीत

पागडीचं उदाहरण वाचून थेट काळजात घुसलं, आमची केस अजून चालू आहे. 😄

थॉम्पसनचं नाव निघालं म्हणून: १९२१ च्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या होबोकन बंदरात 'ईस्ट साइड' नावाच्या जहाजावर ४९५ थॉम्पसन सापडल्या होत्या. आयर्लंडला आयआरए या बंडखोर संघटनेकडे चालल्या होत्या, कोळशाच्या जहाजातून. नंबर घासून काढलेले. पाथ ट्रेनने रोज त्या बंदरावरून जातो आपण आणि पत्ताच नसतो.

---

रानजाई

लेख माहितीपूर्ण आहे, पण मला हे वाचून प्रसन्न वाटलं नाही. माणसं मारायचं यंत्र मखमलीवर ठेवायचं, त्याच्या झिलईचं कौतुक करायचं आणि हजारो डॉलर ओतायचे. त्याच देशात शाळेत मुलांना गोळीबाराची कवायत करावी लागते. माझी भाची पहिलीत आहे, ती टेबलाखाली कसं लपायचं ते करून दाखवते. छंद म्हणून याकडे बघणं मला जमत नाही. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

---

सस्क्वेहानाकाठी

@रानजाई, दुखावलो नाही. फक्त एक वस्तुस्थिती: नोंदणीकृत मशीनगनने त्यांच्या मालकांनी केलेले खून १९३४ पासून आजवर अगदी मोजके आहेत. त्यातला ठळक १९८८ चा, ओहायोतल्या डेटनमध्ये, आणि तो करणारा पोलीसच होता. शाळांमधल्या गोळीबारात वापरतात ती साधी अर्धस्वयंचलित (चाप एकदा ओढला की एकच गोळी) पिस्तुलं नाहीतर रायफली. बऱ्याच राज्यांत ती दुकानात दुपारभरात मिळतात. इथे बोटांचे ठसे, फोटो, केंद्राची तपासणी, स्थानिक पोलीसप्रमुखाला सूचना, वर किंमत. पंचवीस हजाराची वस्तू घेऊन कोण दरोडा घालणार?

आता कोल्ट.

जनरल जॉन थॉम्पसनने पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी ही बंदूक काढली. पण ती तयार झाली तोवर युद्धच संपलं. ऑटो-ऑर्डनन्स कंपनीकडे स्वतःचा कारखाना नव्हता, म्हणून हार्टफर्डच्या कोल्टला १५,००० बनवायला दिल्या. लाकूड रेमिंग्टनचं, मागची साइट लायमनची. त्या पंधरा हजार खपायला जवळजवळ दोन दशकं लागली. लष्कराला नको होत्या, पोलिसांना महाग वाटत होत्या.

पण काम बघाल तर थक्क व्हाल. मी पाहणीच्या दिवशी हातात घेतलेली एक सांगतो (लिलावाआधी लॉट उघडून दाखवतात, हातमोजे घालायचे). झिलई काळी नाही, खोल निळी. दिव्याखाली फिरवली की रंग पाण्यासारखा सरकतो. नळीवर कूलिंगच्या कड्या बारीक कातलेल्या, एकीचीही धार गेलेली नाही. पुढच्या मुठीच्या खाचांत कुणाच्या तरी बोटांनी लाकूड गुळगुळीत झालंय. तिथेच एका खाचेत जुनं तेल सुकून काळं बसलंय. कॅटलॉगवाला ते साफ करत नाही, केलं तर भाव पडतो.

पुढचं बघायचं ते नंबर. वरच्या भागावरचा आणि खालच्या चापाच्या भागावरचा एकच असेल तर ती 'मॅचिंग'. युद्धात आणि पोलिसांच्या शस्त्रागारात चार बंदुका एकदम खोलून साफ करायचे आणि जोडताना कशाचं काय कशाला. तसल्या बंदुकीला काही हजार कमी मिळतात.

सगळ्यात मजा 'नेव्ही ओव्हरस्टँप'ची. नौदलाला थॉम्पसन हवी होती, पण गोळ्यांचा वेग जरा कमी हवा होता. कंपनीने आतला भाग जड केला आणि जुन्याच बंदुकांवर १९२१ मधल्या शेवटच्या १ वर ८ ठोकला: १९२८. ठोकणाऱ्याने हातानेच ठोकलाय, त्यामुळे ८ च्या पोटात खालचा १ दिसतो. संग्राहक भिंग लावून हे बघतात. ज्याला आपण खाडाखोड म्हणून परत पाठवलं असतं, त्याला इथे जास्त भाव.

---

खाकीतला_म्हातारा

बाळांनो, मी ही यंत्रं कपाटात नाही, खांद्यावर बघितली आहेत. राज्य पोलीस दलात होतो. टॉमीगन आमच्या वेळेपर्यंत संपली होती, पण स्टेन होत्या आणि नंतर कानपूरच्या कारखान्यातली कार्बाइन आली.

स्टेनचं कौतुक कुणी करत असेल तर त्याला ती एकदा बंदोबस्तावर दिवसभर अडकवायला द्या. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचं खोकं, डाव्या बाजूला आडवं, त्यामुळे वजन एका अंगाला. शिकाऊ पोरगं मॅगझिनलाच धरायचं, मग ते हलायचं आणि गोळी अडकायची. सीमेंटवर पडली तर चाप न ओढता सुटण्याची भीती. आमचे उस्ताद सांगायचे, खटका मागच्या खाचेत अडकवल्याशिवाय ट्रकमध्ये चढायचं नाही. एकाने ऐकलं नाही, ट्रकच्या टपाला भोक पडलं आणि त्याची बदली गडचिरोलीला झाली.

असल्याच पत्र्याच्या बंदुकीला कुणी दहा हजार डॉलर देतो म्हणता? देवा.

---

लेस्टरचा_बंड्या

आजोबा, तुमच्या स्टेनने युरोपचा इतिहासच बदलायचा ठेवला होता. २७ मे १९४२, प्राग. नाझी अधिकारी हायड्रिखच्या गाडीसमोर गॅबचिक या स्लोव्हाक सैनिकाने स्टेन रोखली, चाप ओढला आणि बंदूक अडकली. साथीदाराच्या बाँबने काम झालं.

डंकर्कच्या माघारीत (१९४०) ब्रिटिशांची बरीचशी शस्त्रं मागे राहिली. अमेरिकेकडून थॉम्पसन घेत होते, पण एकीला सुरुवातीला २०० डॉलरच्या वर मोजावे लागत. म्हणून नळी, स्प्रिंग आणि पत्रा जोडून ही काढली, खर्च जेमतेम १० डॉलर. थॉम्पसनवाल्यांनीही मग कातकाम कमी करत १९४४ पर्यंत एम-१ए१ या सोप्या आवृत्तीची किंमत ४५ डॉलरवर आणली.

इकडे इंग्लंडात चालती स्वयंचलित बंदूक नागरिकाला १९३७ पासून बंद. आम्हाला मिळते ती निकामी केलेली. माझ्या अभ्यासिकेत एक स्टेन आहे, कायदेशीर. नळीत सळई घालून वेल्ड केलेली, बोल्ट जाम, वर शिक्का आणि प्रमाणपत्र. पूर्वीच्या नियमाने निकामी केलेल्यांचे आतले भाग हलायचे, खोलता यायच्या. तशा आता जशाच्या तशा विकता येत नाहीत. आमची बायको म्हणते, एवढे पैसे घालून पडद्याची दांडी आणलीस.

---

एफवन_ते_एचवन

मी सध्या एच-१बी वर टेक्सासात आहे. ऑफिसातले लोक रेंजवर नेतात. मला घेता येईल का? टॉमीगन नाही हो, निदान रांगेत उभं राहायला?

---

सस्क्वेहानाकाठी

@एफवन_ते_एचवन, थांब. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत बंदूक जवळ बाळगणंच केंद्राच्या कायद्याने निषिद्ध आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत. पण व्हिसा पणाला लागलेला असताना फोरमवरच्या माणसाचं ऐकू नकोस, वकिलाला विचार. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

समजा सगळं जमलं, तरी हातोडी पडली की बंदूक घरी येत नाही. परराज्यातली असेल तर साधारणपणे लिलावघराकडून तुझ्या राज्यातल्या क्लास थ्री डीलरकडे (मशीनगन विकायचा परवाना असलेला व्यापारी) फॉर्म ३ वर जाते, व्यापारी ते व्यापारी, कर नाही. तिथून तुझ्याकडे फॉर्म ४ वर, २०० डॉलर कर. मंजुरी येईपर्यंत ती डीलरच्या तिजोरीत. पूर्वी या वाट पाहण्यात वर्ष जायचं. आता ऑनलाइन फॉर्ममुळे पुष्कळ लवकर होतं. तोवर लोक दुकानात जाऊन स्वतःच्याच बंदुकीला भेटून येतात, तुरुंगात नातेवाईकाला भेटतात तसे. आणि बोलीवर लिलावघराचा प्रीमियम, म्हणजे वरचा आकार, लागतो, तो नवखे हमखास विसरतात.

कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत असाल तर हे सगळं फक्त वाचायला.

---

गुंतवणूक_गुरुजी

पुरवठा गोठलेला, मागणी वाढती. मग शेअर, सोनं सोडून यातच पैसे घालावेत की! सीएजीआर, म्हणजे वर्षाला वाढीचा दर, किती पडतो?

---

गिरगावकर_जर्सीत

गुरुजी आले. 😂

---

सस्क्वेहानाकाठी

गुरुजी, एक धोका लक्षात घ्या. ही टंचाई कायद्याने घडवलेली आहे. उद्या काँग्रेसने किंवा कोर्टाने ह्यूज दुरुस्ती उडवली तर नवी मॅक-१० पाचशे डॉलरला दुकानात येईल आणि तुमचे दहा हजार बुडाले. म्हणूनच मोठे संग्राहक मॅक घेत नाहीत, कोल्ट घेतात: कायदा बदलला तरी १९२१-२२ मध्ये हार्टफर्डला बनलेल्या पंधरा हजारच राहणार. काही मशीनगनवालेच मनातून ती दुरुस्ती टिकावी म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेत, हा विनोद इथे उघड केला जातो.

शिवाय नावं फसवी असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट हर्लीला ऑटो-ऑर्डनन्स याच नावाने थॉम्पसन बनल्या. लांबून सारख्याच दिसतात, कागद तितकाच पक्का, किंमत कोल्टच्या जवळपासही नाही. एमपी-४० या महायुद्धातल्या जर्मन सबमशीनगनमध्येही तसंच. अस्सल जर्मन, १९६८ च्या माफीत नोंदवलेली वेगळी. आणि इथे नव्या नळीवर जुने भाग जोडून १९८६ आधी नोंदवलेली 'ट्यूब गन' वेगळी. पहिलीवर युद्धाचे कारखाना-शिक्के असतात, 'बीएनझेड' म्हणजे स्टायर, 'एवायएफ' म्हणजे एर्मा.

---

तोफखाना

एमपी-४० ला तुम्ही श्मायसर म्हणाला नाहीत याबद्दल अभिनंदन. निम्मी पुस्तकं म्हणतात. तिची रचना एर्माच्या हाइनरिख फोल्मरच्या कामातून आली.

एक शंका: गावोगावच्या शेरीफ ऑफिसांत जुन्या थॉम्पसन पडून आहेत असं वाचतो. त्या का नाही येत लिलावात?

---

सस्क्वेहानाकाठी

काही येतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्साइथ काउंटीच्या शेरीफने २०१४ मध्ये दोन थॉम्पसन देऊन ८८ नव्या रायफली घेतल्या. त्या दोघी नागरी बाजारात जाण्यासारख्या नोंदलेल्या होत्या म्हणून जमलं. पण पुष्कळ खात्यांनी जप्तीच्या बंदुका फॉर्म १० वर नोंदवल्यात. त्या फक्त एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी खात्याकडे जाऊ शकतात. तीच बंदूक, तोच कारखाना, शेजारचाच नंबर. एका कागदावर चाळीस हजार, दुसऱ्यावर शून्य.

आणि सगळ्यात वाईट अवस्था कागद नसलेल्यांची. आजोबा वारले, माळ्यावरच्या पेटीत एमपी-४० निघाली, १९६८ साली नोंदवायची राहिली. आता ती नोंदवताच येत नाही. पोलिसांना सांगून जमा करायची, नाहीतर एखाद्या सरकारी संग्रहालयाकडे जाते का बघायचं. लपवली तर दहा वर्षांपर्यंत कैद. कागद असतील तर वारसाला फॉर्म ५ वर बिनकर मिळते. इथल्या जुन्या लोकांना मी हेच सांगतो की फॉर्मची प्रत मृत्युपत्राबरोबर ठेवा.

---

रानजाई

मी पुन्हा येणार नव्हते, पण वाचत होते. एक विचारते. या वस्तूंनी कुणाला मारलं याचा भाव वाढतो का? म्हणजे 'अमक्या टोळीची' म्हटलं की जास्त?

---

तोफखाना

वाढतो, आणि प्रचंड. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीच्या मिसुरीतल्या जॉप्लिनच्या अड्ड्यावरून १९३३ मध्ये जप्त झालेली म्हणून एक थॉम्पसन २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत १ लाख ३० हजार डॉलरला गेली. शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोनचं आवडतं कोल्ट पिस्तूल २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात ८ लाख ६० हजारांच्या बोलीला गेलं.

व्हॅलेंटाइन डे हत्याकांडातल्या (१४ फेब्रुवारी १९२९, शिकागो, सात माणसं भिंतीशी उभी करून) दोन्ही थॉम्पसन मात्र विकायला नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात मिशिगनमध्ये फ्रेड बर्क या गुंडाच्या घरात सापडल्या, शस्त्रतज्ज्ञ कॅल्विन गॉडार्डने गोळ्यांवरच्या खुणा जुळवून त्याच त्या हे सिद्ध केलं. आजही बेरियन काउंटीच्या शेरीफकडे आहेत. आल्या असत्या तर आकडा काय झाला असता देव जाणे. तुमचा मुद्दा मला मान्य आहे, रानजाई. रक्ताचा भाव लागतो.

---

काळनदीकाठ

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, माणगावचा आहे (रायगड).

टॉमीगन म्हणजे गुंडांचीच असं चाललंय, म्हणून एक आठवण देतो. नाईक यशवंत घाडगे, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, इटली, वरच्या टायबरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा मारा झाला, हे सोडून सगळे पडले. बरोबर कुणी उरलं नाही हे माहीत असताना घाडगे त्या मोर्चावर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकला, मग टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर तीच टॉमीगन नळीकडून धरून दांडक्यासारखी फिरवली आणि उरलेल्या दोघांना मारलं. लगेच आडून आलेल्या गोळीने ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पुतळा आमच्याकडे माणगावला आहे, एसटीने जाता-येता दिसतो.

त्यांची बंदूक कुठल्या लिलावात आली असती तर?

---

खाकीतला_म्हातारा

काळनदीकाठ, सलाम. भरल्या टॉमीगनचं वजन पाच किलोच्या आसपास. ती नळीकडून धरून फिरवायची तर नळी तापलेली असते, हात भाजतो. त्या पोराने ते केलं.

आणि आपल्याकडच्या वाचकांसाठी, कुणाच्या डोक्यात काही येण्याआधी: भारतात स्वयंचलित शस्त्र हे १९५९ च्या शस्त्र कायद्याने निषिद्ध शस्त्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बाळगल्यास किमान सात वर्षं, चौदापर्यंत. आजोबांच्या पेटीत निघाली तर सरळ पोलीस ठाणं गाठा, वाटेत सेल्फी काढू नका.

---

सस्क्वेहानाकाठी

@काळनदीकाठ, तशा बंदुका लष्कराच्या मालकीच्या, शिपायाच्या नावावर नसत. युद्धानंतर ब्रिटनला दिलेल्यांपैकी कित्येक भंगारात कापल्या गेल्या. काहींचे सुटे भाग पुढे अमेरिकेत परत आले आणि इथल्या थॉम्पसनना बसले. संग्राहक दस्त्यावरचे ब्रिटिश बाण-शिक्के शोधत असतात. कुठला दस्ता कुणाच्या खांद्याला लागला होता हे मात्र कॅटलॉगमध्ये नसतं. पण धाग्यात ही गोष्ट आली याचं बरं वाटलं.

@गुंतवणूक_गुरुजी, तुमचा व्यनि (खासगी निरोप) मिळाला. नाही, भागीत घेऊन चालत नाही तसं. ट्रस्ट करता येतो, पण त्यातल्या प्रत्येक जबाबदार सभासदाचे ठसे आणि फोटो जातात, आणि तुमचा पत्ता सदाशिव पेठेचा आहे.

---

गुंतवणूक_गुरुजी

मग पडद्याची दांडी केवढ्याला पडते म्हणालात, बंड्याशेठ?